आई जाऊन चार महिने झाले, डोक्यात अजून "त्या रात्री मी असं केलं असतं तर". हेच बार्गेनिंग का? आणि आता सौदा करायचा तरी कोणाशी?

अबोली_नाशिक

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझी आई मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी रात्री गेली, म्हणजे शुक्रवारी पहाटे आम्हाला कळलं. वय ६३, शुगर १४ वर्षांपासून पण गोळ्या अगदी घड्याळाच्या काट्यावर, बाकी हिंडती फिरती. त्या दिवशी पण तिने घट मांडला, पोथी वाचली, संध्याकाळी नैवेद्य दाखवून उपवास सोडला. रात्री साडेदहाच्या सुमारास म्हणाली कसंतरीच होतंय गं, जबडा ठणकतोय, मानेला घाम होता, मी म्हटलं दिवसभर उपाशी होतीस आई, पित्त खवळलं असेल, थंड दूध दिलं, पित्ताची गोळी दिली, पदराने घाम पुसून म्हणाली आता बरं वाटतंय, आणि मी जाऊन झोपले. पहाटे हाक मारायला गेले तर अंग गार होतं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, झोपेतच.

तेव्हापासून रोज रात्री साडेदहा वाजले की माझ्या डोक्यात तीच रात्र सुरू होते. दूध न देता गाडी काढली असती तर. भावाला फोन केला असता तर. उपवास करू नकोस असं सकाळीच दटावलं असतं तर. प्रत्येक वेळी मी तिला दवाखान्यात नेते आणि ती वाचते, आणि मग जाग आल्यासारखं होतं. आणि हे लिहायला लाज वाटतेय पण मी देवीला सांगते की माझ्या आयुष्यातली दहा वर्षं घे पण तो एक गुरुवार परत दे, वणीला अनवाणी येते. सावित्रीने यमाशी बोलून बोलून नवरा परत आणला ना, मग मला बोलायची संधीच का नाही मिळाली, मी तर शेजारच्या खोलीत झोपले होते.

अजून एक. आईच्या फोनवर रात्री साडेआठचा गोळीचा अलार्म आहे, तो मी बंद केलेला नाही, रिचार्ज पण चालू ठेवलंय. तिच्या स्टीलच्या डबीत सहा गोळ्या उरल्यात, त्या पण तशाच. टाकल्या तर मीच तिला जा म्हटल्यासारखं होईल असं वाटतं. यंदा गुढी नव्हतीच, पण पाडव्याला भाऊ आला होता, त्याने अलार्म ऐकला आणि म्हणाला ताई आता पुरे कर. आमचं भांडण झालं, तेव्हापासून नीट बोललो नाही.

नेटवर दुःखाच्या पाच पायऱ्या वाचल्या, त्यातली तिसरी बार्गेनिंग, म्हणजे सौदा. पण तिथे लिहिलंय की माणूस देवाशी सौदा करतो "मला वाचव". इथे वाचवायला कोणी उरलंच नाहीये. मग हे माझं जे चाललंय ते तेच आहे का? कधी थांबतं?

सह्याद्रीकर

ताई, लाज कसली. मी दोन्ही केलंय, आधीचं पण आणि नंतरचं पण, म्हणून लिहितो.

माझे वडील कॅन्सरने गेले, परळला आठ महिने ट्रीटमेंट, आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो. पहिल्या दिवशी मी खंडोबाला म्हटलं, दहा वर्षं दे, दरवर्षी जेजुरीला पायी येईन आणि चहा सोडला. दुसऱ्या स्कॅननंतर दहा वर्षांचं झालं बहिणीच्या लग्नापर्यंत. मग दिवाळीपर्यंत. शेवटच्या आठवड्यात माझी मागणी एवढीच होती की आज रात्री त्यांना झोप लागू दे. मागणं कसं कसं कमी होत गेलं ते मला तेव्हा कळलं नाही, आता आठवलं की पोटात कालवतं, पण असं पण वाटतं की जे होणार ते मन त्या आकड्यांमधून हळूहळू गिळत होतं.

ते गेल्यावर माझं पण तुमच्यासारखंच, आधीच गाठ दाखवायला नेलं असतं तर. त्यात भर म्हणजे नवसाचा हिशोब. देवाने त्याची बाजू पाळली नाही मग मी का पाळू, आणि नाही पाळलं तर बहिणीला काही झालं तर? दोन वर्षं हे डोक्यात. चहा पण दोन वर्षं घेतला नाही. शेवटी आई म्हणाली बाबांना जेजुरीचा डोंगर आवडायचा, चल, नवस राहू दे बाजूला. गेलो, भंडारा उधळला, खाली आल्यावर तिने टपरीवर तीन चहा सांगितले आणि एक माझ्या हातात दिला. प्यायलो.

सुहास_काका

बेटा, वाईट वाटलं वाचून. पण एक सांगतो, जन्म आणि मरण आपल्या हातात नाही. तिची वेळ भरली होती. तू गाडी काढली असतीस तरी वाटेत काही झालं असतं. मनाला लावून घेऊ नकोस, घरच्यांकडे लक्ष दे.

अबोली_नाशिक

काका, तुम्ही प्रेमाने सांगताय ते कळतंय. पण हे वाक्य मला दहाव्यापासून पन्नास जणांनी सांगितलंय आणि प्रत्येक वेळी मनात येतं की मग डॉक्टर, दवाखाने कशाला आहेत. राग मानू नका.

मनाचं_पान (समुपदेशक, पुणे)

अबोलीताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, हे तेच आहे, फक्त तोंड मागे वळलेलं.

त्या पाच पायऱ्या जिथून आल्या ते सांगते म्हणजे तुमचा घोळ का होतोय ते कळेल. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस म्हणून मूळच्या स्वित्झर्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या, शिकागोत काम करायच्या. त्यांनी दोनशेहून जास्त पेशंटशी बोलून १९६९ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि ते सगळे पेशंट स्वतः मरणाच्या दारात होते. म्हणजे या पायऱ्या मुळात जाणाऱ्याच्या आहेत, मागे राहिलेल्याच्या नाहीत. त्यात एक बाई आहे, तिला प्रचंड वेदना व्हायच्या, मुलाच्या लग्नाला एकदा जाऊ दे मग काही मागणार नाही असं तिचं म्हणणं. तिला वेदना सांभाळायला शिकवलं, ती नटूनथटून लग्नाला गेली, परत आली तेव्हा थकून गेली होती, आणि आल्या आल्या म्हणाली विसरू नका हं, मला अजून एक मुलगा आहे. मला ही बाई फार जवळची वाटते. सह्याद्रीकर दादांचे आकडे खाली येत गेले, तिचा वर गेला, पण धडपड तीच.

मागे राहिलेल्यांना या पायऱ्या नंतर लावल्या गेल्या, खुद्द क्यूब्लर-रॉस यांनी डेव्हिड केसलर यांच्याबरोबर लिहिलेलं त्यावरचं पुस्तक २००५ मध्ये आलं, त्या २००४ मध्येच वारल्या होत्या. तिथे बार्गेनिंगचं रूप बदलतं. जाणारा म्हणतो "मला अजून थोडं दे", मागे राहिलेला म्हणतो "मी असं केलं असतं तर". मराठीत त्याला छान शब्द आहे, जर-तर. आणि त्या पायऱ्या जिन्यासारख्या नाहीत, राग संपला की सौदा, सौदा संपला की उदासी, असं कोणाचंच होत नाही. एका दिवसात तिन्ही येतात आणि एखादी कधीच येत नाही. "मी तिसऱ्या पायरीवर अडकलेय" असं स्वतःला म्हणू नका, अडकायला तिथे पायरीच नाहीये.

आता हे मन का करतं. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मी वर्षानुवर्षं एक बघतेय, माणसाला अपराधी वाटणं परवडतं पण हतबल वाटणं परवडत नाही. "माझी चूक झाली" म्हटलं की निदान दोरी माझ्या हातात होती असं तरी वाटतं. "माझ्या हातात काहीच नव्हतं" हे कबूल केलं तर उद्या मुलाला, नवऱ्याला, कोणालाही काहीही होऊ शकतं, आणि ते सहन होत नाही, म्हणून मन दोष ओढून घेतं. काकांचं वाक्य तुम्हाला का टोचलं ते यात आहे, ते तुमच्या हातातली दोरीच काढून घेतात. त्यांच्या पिढीला त्या वाक्यानेच आधार दिलाय म्हणून ते देतात, पण तुमच्या मनाची अजून तयारी नाही, आणि तशी ती व्हायलाच पाहिजे असंही नाही.

दुसरं म्हणजे "लक्षणं डोळ्यासमोर होती" ही जी टोचणी आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते, त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी लोकांना विचारलं की काय काय होण्याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं की तुम्ही तेव्हा काय सांगितलं होतं आठवा. जे खरंच घडलं होतं ते आपल्याला आधीच जास्त शक्य वाटत होतं असं लोकांना आठवायला लागलं. खोटं बोलत नव्हते हो, आठवणच बदलली होती. निक्सनच्या दौऱ्याबद्दल असं होत असेल तर आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल किती होईल. आज तुम्हाला तो घाम, तो जबडा ठळक दिसतो कारण शेवट माहितीये. त्या रात्री साडेदहाला ती दिवसभर उपाशी राहिलेली आणि दुधाने बरं वाटलेली आई होती.

एक करून बघा, पण एकटीने नको. कागदावर वेळेप्रमाणे लिहा, साडेदहा, अकरा, साडेअकरा, त्या त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं एवढंच, नंतर कळलेलं काही नाही. भाऊ तयार असेल तर त्याच्याबरोबर. तो "पुरे कर" म्हणतो ना, त्याचे स्वतःचे जर-तर असणार, आईपासून लांब राहणाऱ्या मुलांचे फार असतात.

अलार्म, गोळ्या, रिचार्ज याची घाई नाही. कोणी सांगितलं म्हणून बंद करू नका.

कधी थांबतं याची तारीख नसते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, सहा महिन्यांहून जास्त काळ दुःखाची धार तशीच राहिली आणि रोजचं जगणं ठप्प झालं तर त्याला वेगळा आजार म्हणून बघतात, अमेरिकन पद्धतीत बारा महिने धरतात. (आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत सण नाहीत, म्हणजे वर्षाची सूट आपल्या माणसांनी आधीच दिली होती.) चार महिन्यांत रोज रात्री आठवण येणं यात वावगं काही नाही. पण झोप पूर्ण उडाली, जेवण तुटलं, किंवा "आईकडे जावं" असं वाटायला लागलं तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

डॉ_पंचगंगा

मी फिजिशियन आहे, कोल्हापूर भागात. मेडिकल बाजू कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय, आणि खोटा दिलासा देणार नाही, अबोलीताईंना तो नकोय हे दिसतंय.

बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसमध्ये नसा बोथट होतात, त्यामुळे छातीत कळ येण्याचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं तसं होतच नाही. बायकांमध्ये तर जास्तच वेळा जबडा, पाठ, पोट, मळमळ, घाम, थकवा एवढंच. हे डॉक्टरांना पण चकवतं, पहिला ईसीजी नॉर्मल येऊन पेशंटला नंतर अटॅक निघालेला मी पाहिलाय. आई त्या रात्री दवाखान्यात पोचल्या असत्या तर वाचल्या असत्या का? शक्यता वाढली असती, हो. नक्की वाचल्या असत्या असं कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. ताई, तुमच्या डोक्यातल्या कहाणीत तुम्ही दरवेळी त्यांना वेळेत पोचवता आणि त्या दरवेळी वाचतात. माझ्या अनुभवात वेळेत पोचलेले सगळे वाचत नाहीत, आणि त्यांच्या मुली मला विचारतात की हलवलंच नसतं तर? घरीच शांत झोपू दिलं असतं तर? जर-तर दोन्ही बाजूंनी येतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, घरात डायबेटिस असलेलं माणूस असेल आणि घाम, जबडा, धाप असं काही अचानक आलं तर पित्त समजून सकाळपर्यंत थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा ईसीजी निघेल अशा जवळच्या ठिकाणी न्या. हे ताईंना उद्देशून नाही. त्यांना हे माहीत असायला कोणी सांगितलेलंच नव्हतं, १४ वर्षं शुगर तपासणाऱ्यांनी सांगायला हवं होतं, आणि हा दोष मी आमच्या धंद्याच्या पदरात टाकतो.

वेणूताई_मिरज

अबोली, मी ७१ वर्षांची आहे, नातवाने टाइप करून दिलंय.

तू विचारतेस आता सौदा कोणाशी. अगं, दहाव्याला घाटावर आपण काय करतो? यांचा दहावा होता, पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले पण खाली येईनात. मग सुरू झालं, मोठा दीर म्हणाला दादा, शेताची वाटणी नीट करीन. मुलगा म्हणाला आईला अंतर देणार नाही. धाकटीचं लग्न राहिलं होतं, तिच्या मामाने हात जोडून सांगितलं लग्न मी लावून देतो. तरी कावळा नाही. पाऊण तास. गुरुजी म्हणाले आता दर्भाचा कावळा करू. मी तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. मला एकच माहीत होतं, आदल्या रात्री यांनी पाणी मागितलं होतं आणि मी चिडून म्हटलं होतं, उठून घ्या की जरा. मी पिंडाजवळ वाकून हळूच म्हटलं, चुकलं माझं. कावळा शिवला.

आता तो माझ्या बोलण्याने शिवला की भुकेने, देव जाणे. पण तेवढं मला तिथे सगळ्यांसमोर बोलता आलं. तू बोललीस का गं घाटावर? हल्ली पुढे पुरुषच उभे असतात, मुलींना मागे ठेवतात. नसशील बोललीस तर अजून बोल. वणीच्या देवीला नको, आईलाच सांग. गोळीचा अलार्म वाजतो ना साडेआठला, तेव्हा सांग.

सह्याद्रीकर

वेणूताई, डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे पण दर्भाचाच करायला लागला होता.

अबोली_नाशिक

सगळ्यांचे उत्तर चार चारदा वाचले. उशिरा लिहितेय कारण मधे भाऊ येऊन गेला.

वेणूताई, नाही बोलले मी घाटावर. मागे बसले होते, लहान मुलं सांभाळत. कावळा लगेच शिवला होता, सगळे म्हणाले बघा किती समाधानी होती, आणि मला उलट राग आला होता की माझ्यावर काहीच मागणं नाही का तुझं.

समुपदेशक ताईंनी सांगितलं तसं भावाला म्हटलं बस माझ्याजवळ. कालनिर्णयचं मागच्या वर्षीचं डिसेंबरचं पान काढलं आणि त्याच्या मागे लिहायला लागलो. साडेदहा, जबडा. पावणेअकरा, दूध. अकरा, गोळी. मग भावाने विचारलं नंतर काय, तू लगेच गेलीस का झोपायला? आणि मी लिहिता लिहिता थांबले कारण मला चार महिन्यांत पहिल्यांदा आठवलं की मी गेले नव्हते, मी तिथेच पायाशी बसले होते, म्हटलं होतं आई डॉक्टरांना फोन लावू का, आणि तीच म्हणाली होती, "नको गं, एवढ्या रात्री कोणाला उठवतेस, सकाळी बघू, तू झोप, तुला डबे करायचेत." पावणेबारा वाजले होते. माझ्या रोजच्या त्या गोष्टीत हे वाक्य मी कधी येऊच दिलं नव्हतं. का ते मला कळत नाही, कदाचित तिच्यावर काही ढकलायचं नव्हतं म्हणून.

भाऊ खूप रडला. त्याने त्या रात्री नऊ वाजता आईचा मिस्ड कॉल बघितला होता, उद्या करू म्हणून राहू दिला. हे त्याने बायकोला पण सांगितलेलं नाही. तो अलार्म वाजला की त्याला तो मिस्ड कॉल आठवतो म्हणून पुरे कर म्हणाला होता.

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल आभार. साडेदहाची गोष्ट अजून सुरू होते, काल पण झाली. पण काल गाडी काढायच्या आधी तिला विचारलं, जायचं का, आणि ती नको म्हणाली, आणि मी तिथेच बसून राहिले.

गोळ्या भाऊ घेऊन गेला, मीच दिल्या, डबी माझ्याकडे आहे. अलार्म तसाच आहे. आज वाजला तेव्हा भाकरी तव्यावर होती, हात पिठाचे होते, फोन ओट्यावर वाजत राहिला आणि मी तिला सांगितलं काय सांगायचं होतं ते.